मूल निर्भय केव्हां होतें?

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन देशांना मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. त्यांचा शेजारी फिनलंड भाषेनें निराळा असला तरी समाजव्यवस्थेनें त्यांच्याच पंक्तीला बसतो. जगांतील सुखी देशांच्या याद्या दरवर्षीं प्रसिद्ध होऊं लागल्यापासून या चारहि देशांचीं नांवें आपल्याकडील सुशिक्षित घरांत वारंवार ऐकूं येतात. तेथें मुलांना कोणी मारीत नाहीं, सहा-सात वर्षांचें होईपर्यंत मुलाला अक्षरांना जुंपीत नाहींत, बर्फ पडत असतांहि त्याला बाहेर खेळूं देतात, बाप रजा घेऊन तान्ह्या मुलाला न्हाऊं-माखूं घालतो, अशा हकीकती कौतुकानें सांगितल्या जातात. मंद मेणबत्त्या, ऊबदार पांघरूण आणि चार जिवलग माणसें यांच्या योगें सुखी कसें व्हावें हें शिकविणारीं पुस्तकेंहि बाजारांत आलीं आहेत. वैशाखांत वाशिमचा पारा ४४ अंशांना जाऊन टेकला म्हणजे त्या पांघरुणाचें काय करावें, असा प्रश्न कोणालाहि सुचेल. प्रश्न विनोदाचा असला तरी त्यांत तथ्य आहे. एका देशाची चाल दुसऱ्या देशांत जशीच्या तशी रुजत नाहीं. तेव्हां या चालींच्या मुळाशीं कोणतें तत्त्व आहे आणि तें आपल्या मातींत रुजण्यासारखें आहे काय, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

हे देश मूळचेच श्रीमंत, म्हणून त्यांना मुलांचे लाड परवडतात, असें पुष्कळांना वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. १८६७-६८ सालीं उत्तर स्वीडन आणि फिनलंड यांत पिकें बुडून भयंकर दुष्काळ पडला. लोकांनीं झाडाची साल दळून भाकरीच्या पिठांत मिसळली. १८५० ते १९३० या काळांत एकट्या स्वीडनमधून १२ लाखांहून अधिक माणसें पोटासाठीं देश सोडून गेलीं, आणि त्यांतील बहुतेकांनीं अमेरिकेची वाट धरली. नॉर्वेची स्थिति याहून बरी नव्हती. अशा समाजांनीं शिक्षणाची नवी घडी संपत्ति येण्यापूर्वींच बसविण्यास आरंभ केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पहिलें पाऊल डेन्मार्कांत पडलें. निकोलाय ग्रुंड्टविग (१७८३–१८७२) हा धर्मोपदेशक, कवि आणि इतिहासकार होता. लॅटिनच्या घोकंपट्टीनें मन मरतें आणि सामान्य माणसाला स्वतःच्याच भाषेची लाज वाटूं लागते, असें त्याचें मत होतें. त्याच्या प्रेरणेनें १८४४ सालीं रोडिंग या गांवीं पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांचे तरुण मुलगे हिवाळ्यांत, शेतीचें काम मंदावलें असतां, कांहीं महिने अशा शाळांत येऊन राहत. देशाचा इतिहास, मातृभाषा, सामुदायिक गायन आणि मोकळी चर्चा हा त्यांचा अभ्यासक्रम. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं. या शाळांनीं कोणाला नोकरी दिली नाहीं. परंतु चार माणसांत उभें राहून बोलण्याचें धैर्य दिलें. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांत शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. अशा संस्थांतून मताचा अधिकार गाईंच्या संख्येवर नव्हता, माणसावर होता. दोन गाईंचा धनी आणि चाळीस गाईंचा धनी यांना एकेकच मत. हा व्यवहार ज्या पिढीनें सांभाळला तिच्यांत लोकशाळेंतून आलेलीं माणसें पुष्कळ होतीं.

दुसरें पाऊल लहान मुलांच्या हातांशीं संबंध असलेलें आहे. फिनलंडांत ऊनो सिग्नेयस याच्या प्रयत्नानें १८६६ सालीं प्राथमिक शाळांत हस्तव्यवसायाला स्थान मिळालें. स्वीडनमध्यें ऑटो सालोमन यानें नेस येथें १८७२ सालीं हस्तव्यवसायाची शाळा काढली आणि पुढें तेथें शिक्षकांना शिकविण्याची सोय केली. देशोदेशींचे शिक्षक तेथें येऊन गेले. या पद्धतीला स्लॉइड म्हणतात. मूल लाकडाच्या तुकड्यापासून आधीं सोपी, मग अवघड अशी एकेक उपयोगी वस्तु घडवितें आणि ती घरीं नेतें. तिचें मुख्य हत्यार म्हणजे चाकू. आपल्याकडे मुलाच्या हातांत चाकू दिसतांच घरांत हलकल्लोळ उडतो. तेथें गुरुजींनीं तो मुद्दाम हातीं दिला. बोट थोडें कापेल, परंतु धार कोणत्या दिशेनें चालवावी हें कळेल, आणि मोठ्या माणसांचा आपल्यावर विश्वास आहे हेंहि कळेल, असा त्यामागील हिशेब होता. याच विश्वासाचें पुढचें रूप कोपनहेगनजवळ एमड्रुप येथें दिसलें. १९४३ सालीं, देश जर्मनांच्या ताब्यांत असतां, सी. टी. सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेवरून तेथें मोडक्या फळ्या, विटा आणि खोकीं यांचें क्रीडांगण तयार झालें. झोपाळे आणि घसरगुंड्या यांच्याऐवजीं मुलांना अडगळ आणि हातोडी मिळाली, आणि मुलांनीं स्वतःच घरें बांधलीं.

परंतु मुलावर विश्वास टाकण्याला आईबापांचें मन स्वस्थ असावें लागतें, आणि येथेंच या देशांचें खरें रहस्य आहे. १९३० च्या सुमारास स्वीडनांत जन्माचें प्रमाण फार घटलें. स्त्रियांना घरांत कोंडा, म्हणजे मुलें होतील, असें सांगणारेहि होते. आल्व्हा मिर्दाल आणि त्यांचे पति गुन्नार मिर्दाल यांनीं १९३४ सालीं पुस्तक लिहून वेगळें निदान केलें. त्यांचें म्हणणें असें कीं, मूल वाढविण्याचा सारा भार एका घरावर पडतो आणि त्याचा लाभ मात्र सर्व समाजाला होतो; तेव्हां समाजानें भारहि वांटून घेतला पाहिजे. आल्व्हा मिर्दाल पुढें १९५५ पासून १९६१ पर्यंत स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीस होत्या आणि १९८२ सालीं त्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा भार वांटून घेण्याचें काम एका दिवसांत झालें नाहीं. फिनलंडनें १९३८ पासून गरीब गरोदर स्त्रियांना बाळंतविड्याची पेटी देण्यास आरंभ केला आणि १९४९ पासून ती सर्वांसाठीं खुली केली. पेटी हवी तर दवाखान्यांत जाऊन तपासणी करून घेतली पाहिजे, एवढीच मुख्य अट. स्वीडननें १९४८ पासून प्रत्येक मुलामागें भत्ता देण्यास सुरुवात केली. तो श्रीमंताच्या मुलालाहि मिळे, त्यामुळें घेणाऱ्याला कमीपणा वाटत नसे. १९७४ सालीं बाळंतपणाच्या रजेऐवजीं आईबाप दोघांनाहि घेतां येईल अशी पगारी रजा आली. आज ती एका मुलामागें ४८० दिवसांची आहे आणि तींतील ९० दिवस प्रत्येक पालकासाठीं राखलेले आहेत. बापानें आपले दिवस घेतले नाहींत तर ते आईला मिळत नाहींत, वायां जातात. बापाच्या हक्काचे असे चार आठवडे नॉर्वेनें १९९३ सालींच राखून ठेवले होते. बाप मुलाला न्हाऊं घालतो तो केवळ प्रेमळ आहे म्हणून नव्हे. कायद्यानें त्याला वेळ दिला आणि वेळेबरोबर लाजहि गेली.

मारण्याचेंहि तसेंच. १ जुलै १९७९ पासून स्वीडननें घरींसुद्धां मुलाला मारण्यास बंदी केली. असा कायदा करणारा जगांतील तो पहिला देश होय. हा कायदा लोकांपर्यंत पोंचावा म्हणून त्याची माहिती दुधाच्या डब्यांवर छापली गेली, म्हणजे ती सकाळीं न्याहारीच्या वेळीं आईबाप आणि मुलें यांच्या समोर एकदमच आली. फिनलंडनें १९८३, नॉर्वेनें १९८७ आणि डेन्मार्कनें १९९७ सालीं तीच वाट धरली. हा कायदा टिकला याचें कारण शोधतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. घराघरांतील मार हा पुष्कळदां क्रूरतेचा नसून भीतीचा असतो. हा शिकला नाहीं तर खाईल काय, ही बापाची धास्ती छडीच्या रूपानें मुलाच्या पाठीवर उतरते. ज्या देशांत दवाखाना आणि शाळा यांची चिंता नाहीं, सुतार आणि कारकून यांच्या राहणींत जमीन-अस्मानाचें अंतर नाहीं, तेथें पहिल्या इयत्तेंतील गुणांनीं बापाची झोंप उडत नाहीं. निर्भय आईबापांचेंच मूल निर्भय होतें. उत्तरेकडील देशांचा सर्व अनुभव या एका वाक्यांत सांगतां येईल.

या चित्राला काळी बाजू आहे. समाजानें मुलाची काळजी वाहावयाची म्हटलें म्हणजे मूल कसें वाढावें हें ठरविण्याचा अधिकारहि समाज आपल्याकडे घेऊं लागतो. स्वीडनांत १९३४ ते १९७५ या काळांत अपत्यास अयोग्य ठरविलेल्या हजारों माणसांचें, त्यांतहि मुख्यतः स्त्रियांचें, वंध्यीकरण झालें. त्यांतील कित्येकांची खरी संमति नव्हती. १९९९ सालीं सरकारनें भरपाई देण्याचें ठरविलें. नॉर्वेनें सामी जमातीच्या मुलांना वसतिगृहांच्या शाळांत ठेवून त्यांची भाषा विसरावयास लावली. डेन्मार्कनें १९५१ सालीं ग्रीनलंडमधील २२ मुलें सुधारण्यासाठीं म्हणून कोपनहेगनकडे आणलीं. तीं आपल्या माणसांना आणि भाषेला पारखीं झालीं, आणि त्याबद्दल देशानें २०२० सालीं क्षमा मागितली. २०११ सालीं नॉर्वेंतील स्टाव्हांगर येथें एका भारतीय दांपत्याचीं दोन लहान मुलें बालकल्याण खात्यानें ताब्यांत घेतलीं. हातानें भरविणें, मुलाला कुशींत घेऊन निजणें या आपल्या चालींचीहि त्या वेळीं पुष्कळ चर्चा झाली. भारत सरकार मध्यें पडल्यावर २०१२ सालीं तीं मुलें मायदेशीं नातलगांकडे आलीं. घेण्यासारखें घेतांना ही ठेंच लक्षांत असलेली बरी.

आतां आपल्या घराकडे वळावें. मुलाला अंगणांत वाढूं द्यावें, हातांनीं शिकूं द्यावें, ही शिकवण आपल्याला परकी नाहीं. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचें तरुणपणीं कांहीं काळ अमरावतीस वास्तव्य होतें. १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं नूतन बालशिक्षण संघाचें काम सुरू केलें आणि १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांचीं मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां बालवाडीच त्यांच्या वस्तींतील अंगणांत गेली. अंगणवाडी ही कल्पना तेथें जन्मली. १९५७ सालीं हें काम आदिवासींमध्यें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें पाहून कुरणांतच शाळा भरविली, ती कुरणशाळा. शिंपले, बिया, पानें आणि खडे हीं तेथील शैक्षणिक साधनें. उत्तरेकडील अरण्यांतल्या बालशाळांचें कौतुक करणाऱ्यांनीं कोसबाडचें कुरण अवश्य आठवावें.

तीच गोष्ट हस्तव्यवसायाची. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना आंखली. सात ते चौदा वर्षांपर्यंत मातृभाषेंतून आणि एखाद्या उद्योगाच्या आधारें शिक्षण द्यावें, असें तिचें स्वरूप होतें. म्हणजे पुस्तकी शिक्षणाला सातव्या वर्षीं आरंभ करण्याचा विचार वर्ध्यासहि झालेला होता. डॅनिश लोकशाळांचा उल्लेख डॉ. राधाकृष्णन यांच्या १९४८-४९ च्या विद्यापीठ आयोगानें ग्रामीण विद्यापीठांच्या संदर्भांत आदरानें केला. पुढें १९५६ सालीं ग्रामीण उच्च शिक्षणाच्या योजनेंत ज्या संस्था निवडल्या गेल्या त्यांत गारगोटीचें मौनी विद्यापीठ आणि अमरावतीचें श्रीशिवाजी लोकविद्यापीठ या होत्या. नांवांतील ‘लोक’ हा शब्द बोलका आहे. परंतु पालकांना हवी होती नोकरीची पदवी, आणि पदवीच्या मागणीपुढें ती योजना आकसली. कल्पना चांगली होती, शिक्षकहि चांगले मिळाले. आईबापांची भीति मात्र कायम राहिली.

ती भीति कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रानेंच केला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणें हें सरकारवर बंधनकारक ठरलें. २००५ सालीं या तत्त्वावर राष्ट्रीय कायदा झाला, त्यांत एक लहानसें कलम होतें: कामावर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें आलीं असतील तर त्यांना सांभाळण्यासाठीं मजुरांपैकींच एका स्त्रीला नेमावें आणि तिला मजुरी द्यावी. मिर्दाल दांपत्यानें स्टॉकहोमांत मांडलेला विचार, मूल सांभाळणें हें समाजाचें काम आहे हा, आपल्या खडी फोडणाऱ्या स्त्रीसाठीं असा कायद्यांत उतरला होता. अंमलबजावणी किती ठिकाणीं नीट झाली हा भाग वेगळा. तत्त्व मान्य झालें हें लहान नव्हे.

प्राचीन काळीं वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणून प्रसिद्ध असलेलें वाशिम १९०५ पर्यंत वऱ्हाडांतील जिल्ह्याचें ठिकाण होतें. नंतर तो भाग अकोल्यांत गेला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास भरली, आणि तींतील पांचांत चार माणसें खेड्यांत राहणारीं. सोयाबीन, तूर आणि कापूस हीं मुख्य पिकें, आणि तीं बहुतांशीं पावसावर अवलंबून. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें २००६ सालीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास मदत जाहीर केली त्यांत वाशिम होता. २०१८ सालीं देशांतील आकांक्षित जिल्ह्यांची यादी झाली तींतहि महाराष्ट्रांतून निवडलेल्या चार जिल्ह्यांत तो होता. अशा ठिकाणीं बापाला वाटणारी भीति काल्पनिक नसते. ‘मुलाला शेती नको, काहींहि करून नोकरी लागूं दे’, हा घोष खेड्यांतून निघतो तो तालुक्याच्या शिकवणीवर्गापर्यंत पोंचतो. त्या बापाला स्वीडनचे दाखले देऊन मुलाला मोकळें सोड असें सांगणें म्हणजे पाण्यांत न उतरलेल्यानें बुडणाऱ्याला पोहण्याचा उपदेश करणें होय.

मग करावें काय? पहिलें पाऊल अंगणवाडीकडे वळवावें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं ३३ प्रकल्पांनीं सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आज गांवोगांवीं पोंचली आहे. पोषण, लसीकरण, तपासणी आणि खेळांतून शिक्षण हें सर्व एका सेविकेच्या हातून व्हावयाचें असतें. डेन्मार्कांत किंवा स्वीडनांत डॉक्टरचें मूल आणि मजुराचें मूल पुष्कळदां एकाच सार्वजनिक बालशाळेंत वाढतें. म्हणून तेथील छप्पर गळूं लागलें तर डॉक्टरहि तक्रार करतो. आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांनीं आपलीं मुलें तेथून काढून घेतलीं आणि तक्रार करणारा आवाजहि त्यांच्याबरोबर निघून गेला. मूल तेथें पाठविणें ज्यांना शक्य नसेल त्यांनीं निदान वस्तींतील अंगणवाडींत जाऊन पाहावें. पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि सेविकेचें मानधन यांविषयीं नगरपरिषदेंत, वर्तमानपत्रांत बोलावें.

दुसरी गोष्ट भाषेची. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें श्रद्धास्थान. जिल्ह्यांतील तांड्यांवर घरीं गोरमाटी बोलली जाते आणि अंगणवाडींत मात्र एकदम मराठी. सामी मुलांची आणि ग्रीनलंडच्या मुलांची कथा येथें उपयोगी पडते. ज्या मुलाला पहिल्याच दिवशीं कळतें कीं आईची भाषा येथें चालत नाहीं, तें गप्प बसतें, आणि आपण त्याला मंद म्हणतों. सेविकेनें चार गाणीं आणि चार गोष्टी गोरमाटींत सांगितल्या तर मराठीचें काहीं बिघडत नाहीं. उलट मराठीकडे जाण्याचा पूल तयार होतो.

तिसरी गोष्ट घरांतली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलाला मारणें आणि त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंना मनाई केली आहे. घराच्या उंबरठ्याआंत मात्र कायद्यापेक्षां विवेकाचें राज्य. तेथें चार नियम सहज पाळतां येतील. मुलावर हात उगारण्यापूर्वीं आपल्याला भीति कशाची वाटते आहे हें स्वतःला विचारावें. उन्हाळ्यांत दुपारचें ऊन टाळून सकाळीं आणि सूर्यास्तानंतर मुलाला मातींत खेळूं द्यावें. निंबाखालची सावली ही आपली अरण्यशाळाच आहे. मुलगा असो वा मुलगी, सुई, विळी आणि हातोडी यांची ओळख दहाव्या वर्षाच्या आंत करून द्यावी. आणि बापानें दिवसांतला एक तास मोबाईल बाजूला ठेवून मुलासाठीं राखावा. सरकारनें रजा दिली नाहीं म्हणून हा तास अडत नाहीं.

चौथी गोष्ट थोडी अवघड आहे. २०१७ च्या दुरुस्तीनें मोठ्या आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली. शेतावर निंदण करणारी आणि शहरांतील घरांत धुणीं-भांडीं करणारी स्त्री त्या रजेच्या बाहेर राहिली. जें सुशिक्षित कुटुंब उत्तरेकडील देशांच्या बालसंगोपनाचें वर्णन आवडीनें वाचतें, त्याच्याच स्वयंपाकघराच्या मागील दारीं एखादी बाई पंधरा दिवसांचें मूल शेजारणीकडे सोडून भांडीं घासावयास आलेली असते. तिला बाळंतपणांत तीन महिन्यांचा पगार घरबसल्या देणें हें सरकारच्या कोणत्याहि योजनेवाचून, याच महिन्यापासून, घरोघरीं करतां येण्यासारखें आहे. तिच्या चार घरांनीं भार वांटून घेतला तर एका घराच्या वांट्याला फारसा खर्चहि येत नाहीं. स्वीडननें जें देशाच्या पातळीवर केलें त्याचेंच हें गल्लीपुरतें रूप होय.

उत्तरेकडील हवा, जंगलें आणि संपत्ति वाशिमला आणतां येणार नाहींत, आणि आणण्याची गरजहि नाहीं. अंगण येथें पूर्वीपासून आहे. त्या अंगणांत खेळणाऱ्या मुलाच्या आईबापांना उद्यांची धास्ती किती कमी करतां येईल, यावर तें मूल किती मोकळेपणानें खेळेल हें अवलंबून आहे. हें काम कायद्यानें करावयाचें, पंचायतीनें करावयाचें, आणि शेजाऱ्यानेंहि करावयाचें आहे.